कोंबडीच्या पोटात इरकल

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा होतो. स्क्रीनवर नाव बघूनच डोकं तडकलं. माझा जुना मित्र विलास आणि वहिनी या नवरा-बायकोत अबोला चालू होता आणि दोघांचे निरोप माझ्या फोनवरून ये-जा करत होते. "तिला सांग, डब्यात लोणचं न्हाई." "त्यांना सांगा, बरणी रिकामी आहे, दिसत नाही का." घर चिखलीत, दुकानही चिखलीत, मध्ये दोन गल्ल्या, आणि या दोन गल्ल्यांतला निरोप चाकणला येऊन परत जायचा. म्हणून मी नमस्कार-चमत्कार न करता सरळ म्हणालो, "बोला वहिनी, आता काय सांगायचं त्याला?" पलीकडून दुकानाशेजारच्या गिरणीचा घरघराट ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी... ते उठंनात की."

त्या दुकानात जेवणाचा डबा द्यायला गेल्या होत्या. अबोला असला तरी डबा चुकत नसे. डबा टेबलावर आपटायचा, एक शब्द न बोलता मागे फिरायचं, असा नेम. त्या दिवशी डबा आपटला तरी त्याने मान वर केली नाही. शिलाई मशीनवर डोकं टेकून तो बसला होता. शेजारच्यांनी रिक्षात घालून नेलं, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नाशिक रस्त्याने मोटारसायकल कशी हाणली, मोशीच्या गर्दीत कुणाला काय शिव्या दिल्या, हे मला आजही आठवत नाही. पोचलो तेव्हा वहिनी ओसरीवर बसल्या होत्या आणि डबा अजून त्यांच्या मांडीवर होता.

दीड महिना होत आला. मला एका जागी बसवत नाही. मुळात मी उतावळा माणूस, सिग्नल हिरवा व्हायच्या आधी क्लच सोडणारा. पण आता जे झालंय ते वेगळं आहे. टीव्ही लावतो, बंद करतो. पाणी प्यायला उठतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, बसा जरा. बसलो की विलास आठवतो, म्हणून उठतो. शेवटी तिनेच सुचवलं, लिहून काढा. ते लिहायलाही मी उभ्या-उभ्या सुरुवात केली आहे.

विलासची ओळख भांडणातून झाली. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारी आमची कंपनी. तो शिलाईच्या लाइनवर, मी तपासणीला. मी बीडकडून नोकरीसाठी आलेला, तो खेड तालुक्यातला, इथल्या मातीचा. एकदा एका कव्हरचा टाका वाकडा दिसला म्हणून मी ते उलटं करून पाहिलं, तर आतल्या बाजूला, जिथे फोम बसतो आणि पुढे कुणाचीही नजर कधी जात नाही, तिथे दोऱ्याने शिवलेली एक छोटी कोंबडी. चोच, तुरा, दोन पाय, सगळं. मी कव्हर घेऊन तरातरा त्याच्याकडे गेलो. "हे काय आहे?" तर म्हणतो कसा, "कोंबडी हाय." मी म्हटलं, ते मलाही दिसतंय, कशासाठी? तो शांतपणे म्हणाला, "राव, सकाळपास्नं एकसारखंच शिवतोय. हात आंबला. म्हनलं, येक तरी येगळं निघू दे." वाकड्या टाक्यासाठी मी ते कव्हर परत पाठवलं, कोंबडीबद्दल मात्र कुणाला बोललो नाही. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच उभा राहिला.

पुढे कंपनीने शिलाईचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली आणि विलासची नोकरी गेली. त्या वयात बाकीचे लोक सिक्युरिटीला लागतात किंवा गावची जमीन विकायच्या गोष्टी करतात. याने चिखलीत गिरणीला लागून एक गाळा भाड्याने घेतला, एक जुनं जाड कापड शिवायचं मशीन आणलं आणि पिशव्या शिवायला बसला. साध्या पिशव्या नव्हेत. देठाला धरून उचलायचं जांभळं वांगं. तोंडाची चेन उघडली की लाल जीभ बाहेर लोंबणारा बेडूक. पाठ फिरवून बसलेलं रुसकं मांजर, त्याचं तोंड पाहायला पिशवी उलटी करावी लागे. कापड कुठलं, तर सीटच्या कारखान्यांतून भंगारात निघणारे तुकडे. त्यामुळे त्याचे प्राणी राखाडी, काळे, ठिपक्याठिपक्यांचे, आणि इतके दणकट की बेडकात पाच किलो ज्वारी भरली तरी शिवण हलत नसे. एका वेळी पाच-सहाच शिवायचा आणि त्याला तो 'घाणा' म्हणायचा. "ह्यो घाना निघाला की दुसरा टाकू." एका घाण्यातलं मांजर पुढच्या घाण्यात तसंच्या तसं कधी आलं नाही. हिंजवडीच्या एका कंपनीला दिवाळीला भेट द्यायला ढिगाने हत्ती हवे होते, सगळे एका मापाचे. त्याने त्या माणसाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी फार चिडलो. तो म्हणाला, "भावा, येकसारखंच शिवायचं आसतं तर कंपनी काय वाईट हुती?"

याहून चक्रम गोष्ट म्हणजे त्याची ट्रायल. चाकण-तळेगाव रस्त्यावर नव्या गाड्या अंगावर काळीपांढरी नक्षी चिकटवून चाचणीला फिरतात, त्या बघायला त्याला फार आवडायचं. गाडीला ट्रायल लागते, मग पिशवीला का नको, असं त्याचं म्हणणं. घाणा निघाला की प्रत्येक पिशवी ओळखीच्या कुणाला तरी आठ-पंधरा दिवस वापरायला द्यायची. त्यांनी तिच्यातून भाजी आणायची, दळण न्यायचं, बसमध्ये मांडीवर घ्यायची, आणि परत आणून तक्रार सांगायची. पट्टा खांद्याला रुततो, चेन अडकते, चोचीला बाळ चावतं, काहीही. मग तो तेवढं दुरुस्त करून पिशवी विकायचा. म्हणजे गिऱ्हाइकाला नव्या पिशवीला मेथीचा वास यायचा! मी डोक्याला हात लावायचो. पण लोक घ्यायचे, आणि कुठली पिशवी कुठे ट्रायलला गेली आहे हे त्याच्या डोक्यात असायचं. दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसायचं.

वहिनींना या पिशव्यांचा राग नव्हता, लाज होती. "सर्कशीत आहे का मी, वांगं धरून हिंडायला?" असं म्हणून त्यांनी एकही पिशवी कधी हातात धरली नाही. पण सगळ्या पिशव्यांच्या पोटात अस्तर त्यांच्या साड्यांचं. भांडेवालीला देऊन स्टीलचं पातेलं घ्यायला म्हणून त्या जुन्या साड्यांचा गठ्ठा बांधून ठेवत, आणि भांडेवाली यायच्या आत विलासने त्यातल्या हव्या त्या उचलायच्या, असा दोघांचा करार होता. "माझ्या साड्या गावभर फिरतात आणि मी घरात," असं त्या म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत.

शेवटच्या घाण्याला मात्र घोळ झाला. वहिनी अक्कलकोटकडच्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने दिलेली एक हिरवी इरकल होती, लाल काठांची, पदराला टोकं-टोकं असलेली. बहीण आता नाही. कपाट आवरताना वहिनींनी ती इरकल क्षणभर त्या गठ्ठ्यावर ठेवली, तेवढ्यात दाराशी कुणीतरी आलं, आणि ठेवलेली तशीच राहिली. विलासने गठ्ठा उचलला. दोन दिवसांनी वहिनींनी कपाट उघडलं, मग दुकान गाठलं, तेव्हा इरकल पाच पिशव्यांच्या पोटात शिवून झाली होती आणि पिशव्या ट्रायलला बाहेर पडल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "हात लावल्यावर कळलं नाही का, ही चांगली आहे म्हणून?" विलास म्हणाला, "गठ्ठ्यात हुती, मला काय सपान पडलंय?" झालं. तिथून अबोला, आणि तिथून माझा फोन.

त्यांचे अबोले मला नवे नव्हते. वर्षाकाठी एखादा व्हायचाच, आणि निरोप्या मीच असायचो. मी निरोप थोडे घासूनपुसून पुढे द्यायचो. तो म्हणाला, "तिला म्हणावं, बस रुसून", तर मी सांगायचो, "विचारत होता, बरी आहे का." घरं काही अशीच टिकत नाहीत. त्या शेवटच्या सकाळी त्याचा फोन आला, मी शिफ्टला निघालो होतो. "तिला इचार, सांजच्याला येताना काय आनू?" मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा त्यांना, काही नको." या वेळी घाई होती म्हणून मी जसंच्या तसं सांगितलं. विलास हसला. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

तेराव्यानंतर मी रोज त्यांच्या घरी चक्कर मारायला लागलो. वहिनी विलासच्या फोटोपुढे रोज ताट ठेवायच्या. वरण, भात, भाजी, भाकरी, सगळं नीट वाढून. पण तोंडातून शब्द नाही. आमच्याकडे बाया फोटोशी बोलतात, दोष देतात, रडतात. वहिनी ताट ठेवायच्या आणि मागे फिरायच्या, दुकानात डबा ठेवून फिरायच्या तशाच. एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊजी, त्या पाच पिशव्या आणून द्या. माझी साडी मला घरात पाहिजे." मी म्हटलं, आणतो, पण साडीचं आता काय करणार? त्या मग म्हणाल्या, "मी काय बोलले शेवटचं? काही नको म्हणले. काय आणू विचारत होते आणि मी काही नको म्हणले. गेले ते तसंच ऐकून." मी सांगितलं, तो हसला होता, अहो खरंच हसला होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "तुम्ही निरोप गोड करून सांगता, मला काय माहीत नाही? इतकी वर्षं ओळखते की." आयुष्यात एकदा निरोप जसाच्या तसा दिला आणि तोच कुणी खरा मानेना.

मग मी पिशव्यांच्या मागे लागलो. बसवत नव्हतंच, हे निमित्त बरं मिळालं. मांजर शेजारच्या गिरणीतच होतं, पिठाने पांढरं झालेलं. गिरणीवाल्याच्या बायकोने ते झटकून दिलं आणि बाकीच्यांचा माग सांगितला. वांगं तळवड्याच्या एका वॉचमनकडे निघालं. तो रात्रपाळीचा डबा त्यातून नेत होता. रिक्षाच्या आकाराची लाल पिशवी राजगुरुनगरला विलासच्या बहिणीकडे, आक्कांकडे होती. रविवारी तिथे गेलो. आक्कांनी रिक्षा माझ्या हातात दिली, परत घेतली, छातीशी धरली, पुन्हा दिली. "ने बाबा. तिचं हाय ते तिला दे. पन सांग तिला, पट्टा लांब झालाय, माझ्या पार गुडघ्यापतूर येतो." तक्रार सांगितल्याशिवाय पिशवी परत करायची नाही, एवढं शिस्तीचं ट्रायल गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. बेडूक एका शाळेच्या बाईंकडे होता, त्यांनी तो धुऊन इस्त्री करून आणून दिला. प्रत्येक पिशवी घरी नेली की वहिनी ती उलटी करत, आतल्या हिरव्या अस्तरावरून हात फिरवत आणि कॉटवर ओळीने ठेवत. "पदर नाही यात," एवढंच म्हणत.

राहिली कोंबडी. गिरणीवाली म्हणाली होती, "कोंबडी थेरगावला गेली. दादा चेन आणि बटनं आनायला डांगे चौकात जायचे ना, तिथं येक भाजीवाली बसती, सोलापूरकडची, तिच्याकडं." डांगे चौकात भाजीवाल्या कमी आहेत काय? दोन वेळा जाऊन हात हलवत परत आलो. तिसऱ्या वेळी दिसली. हातगाडीच्या दांड्याला राखाडी ठिपक्यांची कोंबडी लटकत होती, तुरा लाल, एक डोळा मोठा नि एक बारीक, आणि पंख असा किंचित उचललेला की आता उडते की काय वाटावं. वीसेक वर्षांपूर्वी सीटच्या पोटात पाहिलेली तीच ही, फक्त आता ती सगळ्यांना दिसेल अशी बाहेर आली होती.

मी बाईंना म्हटलं, ही पिशवी विलासची ना? बाई लगेच उसळल्या. "त्यांनी पाठवलं का तुम्हाला? त्यांनाच पाठवा की. मला सांगून गेले, संध्याकाळी येतो, आणि पत्ता नाही. अंबाडी काढून ठेवली होती मी." कसली अंबाडी, मी विचारलं. "अहो, इकडं मिळत नाही चांगली अंबाडी. त्यांची बायको आमच्याकडची आहे म्हणे. रुसून बसली होती, साडी कापली म्हणून. ही बघा." बाईंनी कोंबडीचं पोट उघडून दाखवलं. आत इरकलचा पदर, टोकांसकट. "मी बोलले त्यांना, एवढ्या चांगल्या लुगड्यात कांदे टाकायला हात होईना, ही माझी तक्रार. तर हसायला लागले. म्हणले, मावशी, गावाकडनं अंबाडी मागवा, याच पिशवीत भरून तिच्यापुढं ठेवतो, बघू कशी बोलत नाही ते. मी गाडीवाल्याला सांगून मागवली. तीन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी. आणि आलेच नाहीत! मला वाटलं, मिटलं असेल भांडण. आता कशाला अंबाडी."

मी त्यांना सांगितलं, अंबाडी न्यायला यायचं होतं त्याच दुपारी तो गेला. त्या पाटावर बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. एक गिऱ्हाईक कोथिंबीर विचारत होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नंतर मला म्हणाल्या, "शुक्रवारी या." शुक्रवारी गेलो तर कोंबडी काठोकाठ भरलेली, पंखाखालून अंबाडीची पानं बाहेर डोकावत होती. वाटेत मी दोनदा गाडी थांबवली, उगीच. तीन दिवस आधी! म्हणजे त्या शेवटच्या सकाळी 'काय आणू' हे त्याने विचारलं ते नुसतं खोडी काढायला. काय आणायचं ते कधीच ठरलं होतं. वहिनींच्या 'काही नको'ला त्या माणसाने भीकच घातली नव्हती. आणि म्हणूनच तो हसला होता. मला इतका राग आला त्याचा... आणि रस्त्याच्या कडेला हेल्मेटच्या आत मी ढसाढसा रडलो.

वहिनींपुढे कोंबडी ठेवली आणि भाजीवालीने सांगितलं ते सगळं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांनी अंबाडी ताटात ओतली, कोंबडीच्या पोटातला पदर ओला झाला होता तो बोटांनी चाचपला. मग भाजी निवडायला बसल्या. मला जायचं होतं, पण "थांबा, जेवून जा" म्हणाल्या. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी, भाकरी. सगळ्या घरात तो आंबट वास. त्यांनी नेहमीसारखं ताट वाढलं, फोटोपुढे ठेवलं आणि नेहमीसारख्या मागे फिरल्या. दोन पावलं आल्या आणि थांबल्या. परत गेल्या, पदर खोचून फोटोपुढे खाली बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जेवून घ्या. गार होतंय."

आणि मग बोलतच राहिल्या. गठ्ठ्यावर साडी मीच ठेवली होती म्हणाल्या, तुम्ही तरी विचारायचं नाही का म्हणाल्या, अंबाडी जून आहे म्हणाल्या, असं मधेच उठून जातं का कुणी म्हणाल्या. रडत होत्या, भांडत होत्या, मधेच नाक पुसून भाकरीचा तुकडा मोडून ताटात नीट ठेवत होत्या. मी दारात उभा होतो. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आता त्या रोजच बोलतात. दळणाचं, नळाच्या पाण्याचं, गाळ्याच्या मालकाचं. परवा गेलो तर सांगत होत्या, मशीन विकायचं नाही असं ठरलं आमचं. आमचं! कोंबडी स्वयंपाकघरात खिळ्याला असते आणि बाजारात जाताना त्यांच्या खांद्यावर असते. लोक वळून बघतात, बघू देत म्हणतात. चांगलं झालं, हेच व्हायला हवं होतं. पण विलास, गेल्या कितीतरी दिवसांत मला कुणीही काहीही सांगायला सांगितलेलं नाही. तुमच्या दोघांच्या मधली माझी जागा गेली, आणि चाकणच्या कॅन्टीनमध्ये जेवायच्या सुट्टीत मी फोन हातात घेऊन रांगेत उभा असतो.